पोटापाण्याची कला

पालकसभेच्या दिवशी चित्रकलेच्या शिक्षकापाशी फारशी गर्दी नसते. गणित व विज्ञान शिकवणाऱ्यांभोवती पालकांचा वेढा पडलेला असतो आणि मी माझ्या वर्गाच्या दाराशी, मुलांनी रंगवलेल्या तक्त्यांच्या सोबतीने उभा असतो. तरीही दरवर्षी दोन-चार पालक वाट वाकडी करून येतात, पाल्याची वही चाळतात आणि जाता जाता ठरलेला प्रश्न विचारतात, "सर, पोरीचा हात चांगला आहे हे खरे, पण चित्रे काढून पोट भरते का हो?"

या प्रश्नाला पूर्वी मी जे उत्तर देत असे, त्याची आज मला लाज वाटते. 'छंद म्हणून असू द्या, अभ्यास सांभाळून करू द्या,' एवढे बोलून मी त्यांची आणि माझीही सुटका करून घेत असे. ते उत्तर सोयीचे होते, पण पुरते खरे नव्हते. म्हणून वार्षिकाच्या या पानांवर त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे आणि त्या उत्तराला जोडूनच एक धोक्याची सूचनाही द्यावी, असे योजिले आहे. विद्यार्थी मित्रांनी ते वाचावेच. परंतु घरी वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

ज्याला आज सर्वत्र 'डिझाइन' म्हणतात, ते केवळ चित्रकाम नव्हे. चित्रकार आपल्या मनातले कागदावर उतरवतो. डिझाइन करणारा दुसऱ्याच्या हातात काय पडणार आहे, याचा विचार आधी करतो. आपल्या घरातील तांब्याचेच उदाहरण घ्या. चार्ल्स व रे ईम्स हे विख्यात अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि 1958 साली त्यांनी भारतातील डिझाइनच्या शिक्षणाविषयी एक अहवाल सादर केला. देशभर हिंडून त्यांनी असंख्य वस्तू पाहिल्या. पण सर्वाधिक कौतुक केले ते आपल्या साध्या तांब्याचे, लोट्याचे. पाणी किती मावावे, भरलेला तांब्या डोक्यावर वा कमरेवर तोलता येईल का, ओतताना धार नीट पडेल का, आत हात घालून घासता येईल का, धातू किती लागेल, किंमत किती पडेल, हाताला तो कसा वाटेल, असे कितीतरी प्रश्न त्या एका भांड्यात सुटलेले आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हा तांब्या कोणा एका कारागिराने घडवला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून घडवला, हेही त्यांनीच नमूद केले. त्या अहवालाच्या पाठोपाठ 1961 मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली.

वडोदरेच्या रहिवाशांना तर ही विद्या परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली येथे कलाभवन उभे राहिले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याची घडी बसवली. चित्रकला, सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या हे सारे एका छपराखाली शिकवावे, हातातील कसबाला शास्त्राचा आधार द्यावा आणि त्यातून उद्योग वाढावेत, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. 1950 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा सुरू झाली. तेव्हा 'हात चांगला असून उपयोग काय?' असा प्रश्न निदान या शहरात तरी विचारला जाऊ नये!

परंतु नुसता हात चांगला असणे पुरेसे नाही, हे मला एका विद्यार्थिनीने शिकवले. आपल्या शाळेच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतले जात असताना खिडकीपाशी नेहमी गोंधळ होई. भरलेले अर्ज परत येत, पालक खाडे करून पुन्हा येत आणि लिपिकभाऊंचा आवाज वाढे. 'लोकांना साधा अर्ज भरता येत नाही,' असे आम्ही सगळेच म्हणत होतो. नववीच्या पाच मुलांना मी सांगितले, की तीन दिवस खिडकीजवळच्या बाकावर बसा, कोणाला शिकवू नका, कोणाला हसू नका. पालकांची लेखणी कोठे थांबते एवढेच वहीत टिपा.

त्या पाचांतील एका मुलीच्या लक्षात आले, की बहुतेकांची लेखणी 'पूर्ण नाव' या एकाच ओळीवर अडते. आपण मराठी माणसे नाव आधी व आडनाव शेवटी लिहितो. गुजरातेतील शाळेच्या दाखल्यांवर आडनाव आधी येते. बँकेच्या पासबुकात तिसराच क्रम असतो. अर्जातील नाव पासबुकाशी जुळले नाही, की अर्ज परत! एक आजी तर त्या ओळीवर अंगठा ठेवून दहा मिनिटे नुसत्या बसून राहिल्या होत्या. मुलीने सुचवलेला बदल अगदी लहान होता. लांबलचक ओळीऐवजी तीन चौकटी आखल्या, प्रत्येकीवर काय लिहायचे ते मोठ्या अक्षरांत छापले आणि खाली एक वाक्य घातले : 'पासबुकात आहे तसेच लिहावे.' पुढील खेपेस खिडकीपाशी शांतता होती. पालक अडाणी नव्हते. अर्जच अडाणी होता!

या मुलीची चित्रकला, खरे सांगायचे तर, बेताचीच आहे. पण तिच्यापाशी दुसऱ्याची अडचण पाहण्याची नजर आणि थांबण्याचा धीर आहे. याच गुणाला आज बाजारात मोल आले आहे. 'यूझर एक्सपीरियन्स', म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, असे नाव त्या विद्येला मिळाले आहे. 1993 साली 'अॅपल' कंपनीत दाखल झालेल्या डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. दार ढकलावे की ओढावे हे कळत नसेल, तर चूक माणसाची नसून दाराची असते, हा विचार त्यांनी आपल्या पुस्तकातून जगापुढे मांडला.

हा विचार किती दूरवर पोहोचतो, ते पाहा. 2000 साली अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याच्या एका परगण्यात मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे दोन्ही बाजूंना आणि छिद्रे मध्यभागी, अशी मांडणी केली होती. वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. परंतु अनेक मतदारांनी गोंधळून भलत्याच उमेदवारापुढे छिद्र पाडले. आणि त्या राज्याचा निकाल अवघ्या 537 मतांनी लागला. उलट आपल्याकडील मतदान-यंत्र आठवा. उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि निळे बटण एकाच ओळीत असते. बटण दाबताच दिवा लागतो आणि आवाज होतो. लिहिता-वाचता न येणारा मनुष्यही चिन्ह पाहून आपले मत देऊ शकतो. या यंत्राला असे रूप देण्यात मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक डिझाइन केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा आहे. बटण कोठे असावे, हा वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा प्रश्न. पण लोकशाहीचा व्यवहार त्याच्यावर अवलंबून असतो.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की होय, या विद्येवर पोट भरते. रुग्णालये, बँका, रेल्वे, कारखाने, प्रकाशनसंस्था, मोबाइलवरील सेवा या सर्वांना अशी माणसे हवी असतात. शिक्षणाची दारेही आता बंद नाहीत. अहमदाबादच्या संस्थेची प्रवेशपरीक्षा आहे, आय.आय.टी.मधील पदवीसाठी 'यूसीड' ही परीक्षा 2015 पासून घेतली जाते. आणि बारावीस विज्ञान, वाणिज्य वा कला यांपैकी कोणतीही शाखा घेतलेला विद्यार्थी या परीक्षांना बसू शकतो. त्यांत नुसते रेखाटन पाहत नाहीत. निरीक्षण, तर्क आणि कल्पकता यांचीही कसोटी असते.

'आपली मुले मराठी माध्यमाची, ती तेथे मागे पडतील,' अशी दुसरी शंका नेहमी येते. इंग्रजी शिकावे लागेल, यात वाद नाही. परंतु मराठी ही या व्यवसायात अडचण नसून भांडवल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईस जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे जे सुबक खिळे घडवले, त्यांचे वळण पुढे कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी सिद्ध केला. आजही मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'मुक्त' व 'बलू' हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. मराठीतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून निराळे आहे; 'वाऱ्या' आणि 'आर्या' यांतील 'र' निरनिराळे लिहावे लागतात. हा भेद ज्याच्या कानात व डोळ्यांत लहानपणापासून मुरला आहे, त्यालाच तो नीट राखता येईल. आपल्या आजीला तिच्या भाषेत औषधाची सूचना वाचता यावी, हे काम दुसरे कोण करणार?

आता धोक्याची सूचना. या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणांपुढे एक नवी रीत उभी आहे. तिला 'क्राउडसोर्सिंग' म्हणतात. 2006 साली जेफ हाउ या अमेरिकन पत्रकाराच्या लेखामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला. एखादे काम नेमलेल्या माणसाकडून करून न घेता ते खुल्या आवाहनाने अनेकांपुढे टाकायचे, असा तिचा अर्थ. शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी शब्दकोशासाठी संपादक जेम्स मरे यांनी 1879 मध्ये वाचकांना आवाहन केले. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी शब्दांचे दाखले चिठ्ठ्यांवर लिहून पाठवले, आणि 1928 साली तो कोश पुरा झाला. आपल्या काळात 2010 साली हैती देशात भूकंप झाला, तेव्हा उपग्रहांची छायाचित्रे पाहून जगभरच्या स्वयंसेवकांनी तेथील रस्त्यांचे नकाशे काही दिवसांत तयार केले व मदतपथकांना वाट दाखवली. 'गॅलेक्सी झू' या उपक्रमात 2007 साली आकाशगंगांची छायाचित्रे पाहता पाहता हॅनी व्हान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला शास्त्रज्ञांनाही अपरिचित असलेली एक खगोलीय वस्तू दिसली. मराठी विकिपीडियाही 2003 पासून अशाच निःस्वार्थ हातांनी वाढत आला आहे. अनेकांनी उचलल्यावाचून गोवर्धन उचलला जात नाही; प्रत्येकाची काठी लहान असली तरी ती हवीच असते.

स्पर्धेतूनही चांगले घडते. आपल्या रुपयाचे चिन्ह निश्चित करण्यासाठी केंद्र सरकारने 2009 मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक रचना आल्या. आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधक उदयकुमार यांची, देवनागरी 'र' व रोमन 'आर' यांचा मेळ घालणारी रचना 15 जुलै 2010 रोजी मान्य झाली. त्यांना अडीच लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. 2014 साली स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे बोधचिन्हही अशाच आवाहनातून, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांच्या हातून आले. ही दोन्ही चिन्हे साऱ्या राष्ट्राची आहेत. ज्यांची रचना निवडली गेली नाही, त्यांच्याही खिशात तोच रुपया असतो.

परंतु हीच रीत जेव्हा खासगी नफ्यासाठी वापरली जाते, तेव्हा तिचे रूप पालटते. गिऱ्हाईक बोधचिन्हासाठी इनाम लावतो. शंभर जण पूर्ण काम करून पाठवतात. एकाला पैसे मिळतात. आपण गणित मांडून पाहू. शंभर जणांनी प्रत्येकी वीस तास काम केले, तर दोन हजार तास झाले. इनाम वीस हजारांचे असेल, तर तासाला सरासरी दहा रुपये पडले. आणि तेही एकाच्याच हाती, नव्याण्णव जणांच्या पदरी शून्य. शिंप्याच्या दुकानात जाऊन कोणी 'दहा सदरे शिवा, आवडेल त्या एकाचे पैसे देईन,' असे म्हणेल काय? म्हटलेच, तर शिंपी त्याला दाराबाहेर काढील. मग चित्र काढणाऱ्या मुलाला असे विचारण्यास आपली जीभ का अडखळत नाही? 'त्याला आवडते म्हणून तो करतो,' हे त्याचे उत्तर असेल, तर ते फारच दुःखदायक उत्तर आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा एक विद्यार्थी शाळा सोडून महाविद्यालयात गेला. वडिलांनी हप्त्यांवर संगणक घेऊन दिला होता. एका दिवाळीत तो दांडिया बाजारातील माझ्या घरी फराळाला आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. वर्षभर त्याने रात्री जागवून एकामागून एक स्पर्धांसाठी रचना पाठवल्या होत्या. पण एकही निवडली गेली नव्हती. परीक्षेत दोन विषय राहिले होते. एवढ्यावरच भागले नाही. एके दिवशी दुकानात एका पुड्यावर त्याला मोर दिसला. पिसाऱ्याच्या जागी भाताच्या ओंब्या असलेला, त्याने स्वतः काढून पाठवलेला आणि 'निवड झाली नाही' म्हणून कळवण्यात आलेला मोर! तो म्हणाला, "सर, कोणाला सांगू? माझ्यापाशी काही कागद नाही." आईने वाढलेली करंजी त्याने तशीच ठेवली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण 'निकालाचे काय, भाग घेणे महत्त्वाचे,' हे वाक्य त्याने माझ्याच तोंडून ऐकले होते. प्रत्येक स्पर्धेची प्रमाणपत्रे वर्गातील फळ्याशेजारी मीच टाचत होतो. ज्या परिश्रमाला दाम मागायला हवा, तो फुकट देण्याची सवय आम्ही शिक्षकांनीच तर मुलांना लावली नाही ना? शाळेतील रांगोळीची स्पर्धा निराळी आणि व्यापाऱ्याच्या मालाचे वेष्टन निराळे, हा भेद मी त्याला कधी सांगितलाच नव्हता.

म्हणून, मित्रहो, कोणत्याही खुल्या आवाहनाला प्रतिसाद देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला : या कामाचे फळ कोणाकडे जाणार? तांब्या पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवला. पण ज्यांनी घडवला त्यांच्याच घरात तो पाण्याने भरला गेला. शब्दकोश, नकाशा, विश्वकोश यांचे तसेच आहे. तेथे दिलेले श्रम सर्वांना परत मिळतात. फळ एकाच्या तिजोरीत जाणार असेल, तर श्रमाचा मोबदला मागा. दुसरा : निवड न झालेल्या कामावर हक्क कोणाचा राहणार? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीवरील हक्क हस्तांतरित करायचा, तर लेखी करार लागतो. परंतु पुष्कळदा प्रवेशपत्रिकेच्या बारीक अक्षरांतील नियमांतच तो करार दडलेला असतो. ती अक्षरे वाचल्यावाचून सही करू नका आणि आपल्या कामाची दिनांकित प्रत स्वतःपाशी ठेवा. तिसरा : हे करताना मी काही शिकणार आहे काय? वापरणाऱ्याशी बोलायला मिळत नाही, चूक कोठे झाली ते कोणी सांगत नाही, नुसता होकार वा नकार येतो, अशा ठिकाणी हात राबतो, बुद्धी वाढत नाही.

यावर कोणी म्हणेल, की नवख्याला ओळख मिळवण्यास दुसरा मार्ग कोणता? हा आक्षेप पोकळ नाही. लहान गावातल्या, कोणाची ओळख नसलेल्या मुलाला खुली स्पर्धा हे एकच उघडे दार वाटू शकते, आणि एखाद-दुसऱ्याला तेथून वाट सापडतेही. पण त्याहून चांगले दार आपल्या शेजारीच आहे. वाचनालयाची सूची, दवाखान्यातील रांगेचे फलक, भाजीवाल्या मावशींच्या हिशेबाची वही, बसथांब्यावरचे वेळापत्रक, यांतील एक काहीतरी घ्या. ते वापरणाऱ्यांना पाहा, बदल सुचवा, करून पाहा, चुकले तर पुन्हा करा आणि हा सारा प्रवास वहीत नोंदवून ठेवा. पुढे प्रवेशाच्या वा नोकरीच्या मुलाखतीत अशी एक वही शंभर न निवडलेल्या बोधचिन्हांहून अधिक बोलेल.

अलीकडे तर यंत्रही क्षणार्धात चित्र काढून देऊ लागले आहे, आणि त्यामुळे पालकांची चिंता दुणावली आहे. ती चिंता मी हसण्यावारी नेत नाही. नुसती रेघ ओढण्याचे मोल कमी होईल, हे संभवनीय आहे. तथापि खिडकीजवळच्या बाकावर तीन दिवस बसून, आजींचा अंगठा कोणत्या ओळीवर थांबला हे पाहणे, त्या का थांबल्या हे त्यांना न दुखावता विचारणे, हे काम माणसालाच करावे लागेल. ज्याला ते साधले, त्याला यंत्र हे भय न वाटता अवजार वाटेल.

तो मोर काढणारा विद्यार्थी आता सावरला आहे. राहिलेले विषय त्याने सोडवले. हल्ली तो एका छोट्या छापखान्यात पगारावर काम करतो आणि काम सुरू करण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम व लेखी मागणी घेतो. गेल्या पालकसभेत तो मुद्दाम आला होता. त्याच वेळी एका पालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "चित्रे काढून पोट भरते का हो?" मी उत्तर देण्याच्या आत तोच म्हणाला, "भरते, काका. पण दाम सांगायला शिकावे लागते."

माझे उत्तर याहून निराळे नाही. मुलांनो, दुसऱ्याची अडचण पाहायला शिका, म्हणजे तुमच्या कलेला काम मिळेल. आणि आपल्या श्रमाची किंमत ओळखायला शिका, म्हणजे त्या कामाला मान मिळेल. आणि पालकहो, पुढील सभेच्या दिवशी माझ्या वर्गाच्या दाराशीही थोडी गर्दी होऊ द्या!